भारतात जन्मदर वाढतोय की घटतोय? 'दोनच मुलं' आणि 'तीन तरी हवीत' या वादात आकडे काय सांगतात?

तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा रील्समध्ये यातला एक तरी दावा येऊन गेला असेल. पहिला दावा असा, 'देशाची लोकसंख्या हाताबाहेर चाललीय, दोन मुलांचा कडक कायदा आणा.' दुसरा बरोबर उलटा, 'जन्मदर इतका घटलाय की आपला समाज संपेल, तीन मुलं जन्माला घाला.'

गंमत म्हणजे नेतेही ही दोन्ही वाक्यं बोलताना दिसतात. १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदींनी लोकसंख्येच्या विस्फोटाबद्दल चिंता व्यक्त केली आणि छोटं कुटुंब ठेवणं ही एक प्रकारची देशभक्तीच असल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जास्त मुलं होऊ द्या, असं आवाहन केलं. त्याच महिन्यात तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन एका सामूहिक विवाह सोहळ्यात 'सोळा मुलं का नकोत?' असं बोलून गेले. डिसेंबर २०२४ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी नागपुरात प्रजनन दर २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणून दोनपेक्षा जास्त मुलं असावीत, असं म्हटलं.

मग खरं काय? लोकसंख्या जास्त आहे म्हणून काळजी करायची, की मुलं कमी होतायत म्हणून?

आधी दोन शब्दांमधला फरक

या वादात 'जन्मदर' आणि 'प्रजनन दर' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रत्यक्षात ते वेगळे आहेत.

जन्मदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे एका वर्षात किती बाळं जन्मली, याचा आकडा. एकूण प्रजनन दर म्हणजे एका बाईला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुलं होतील, याचा अंदाज. इंग्रजी बातम्यांमध्ये जो 'टीएफआर' दिसतो, तो हाच.

दोन्ही आकडे भारतात घटतायत. नमुना नोंदणी प्रणाली, म्हणजे एसआरएस, ही केंद्र सरकारची यंत्रणा दरवर्षी हे आकडे काढते. १९७१ मध्ये भारताचा जन्मदर हजारामागे ३६.९ होता. २०२३ मध्ये तो १८.४ वर आला, म्हणजे निम्म्यावर. प्रजनन दर १९७१ मध्ये ५.२ होता, २०२३ मध्ये १.९ झाला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हेच चित्र दिसतं. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत प्रजनन दर ३.४ होता. २००५-०६ मध्ये तो २.७, २०१५-१६ मध्ये २.२ आणि २०१९-२१ मध्ये २.० झाला. शहरांत तर तो १.६ पर्यंत खाली आला. ग्रामीण भागातही तो २.१ वर आलाय.

आता हे २.१ काय प्रकरण आहे? आई आणि वडील अशा दोन माणसांची जागा पुढच्या पिढीत दोन माणसांनी घ्यायची, तर सरासरी दोन मुलं हवीत. काही मुलं मोठी होण्याआधीच दगावतात आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, म्हणून वरचं ०.१. याला 'रिप्लेसमेंट लेव्हल' म्हणतात. भारत या रेषेच्या खाली गेलाय.

त्यामुळे 'भारतात जन्मदर वाढतोय' हे विधान चुकीचं आहे.

मग लोकसंख्या वाढतेय ती कशी?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. कारण लोकसंख्या वाढतेय हेही तितकंच खरं आहे.

१९५१ च्या जनगणनेत आपण ३६.१ कोटी होतो. २०११ मध्ये १२१ कोटी झालो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार एप्रिल २०२३ मध्ये भारतानं चीनला मागे टाकलं आणि आपण जगातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा देश झालो.

हे समजून घ्यायला एक काल्पनिक गाव घेऊ. गावात १०० आजी-आजोबा आहेत. त्यांच्या काळात घरटी सहा मुलं व्हायची, त्यामुळे पुढच्या पिढीत ३०० आई-वडील आहेत. या ३०० जणांच्या १५० जोडप्यांनी मात्र दोनच मुलांवर थांबायचं ठरवलं. म्हणजे मुलं झाली ३००. गावाची एकूण लोकसंख्या ७००.

२५ वर्षांनी काय होईल? ते १०० आजी-आजोबा जगात नसतील. ३०० आई-वडील आता आजी-आजोबा झाले. ३०० मुलं आई-वडील झाली. त्यांनीही दोनच मुलं होऊ दिली, म्हणजे नवी मुलं ३००. एकूण ९००.

सगळ्यांनी 'हम दो हमारे दो' पाळलं, तरी गाव ७०० वरून ९०० वर गेलं. कारण जुन्या पिढीनं जास्त मुलं जन्माला घातल्यामुळे आज आई-वडील होण्याच्या वयातली माणसंच जास्त आहेत. याला लोकसंख्येची गती म्हणतात. ब्रेक दाबला तरी भरधाव एसटी थोडी पुढे जाऊनच थांबते, तसं हे आहे.

याला दुसरी जोड मृत्युदराची. १९७१ मध्ये हजारामागे वर्षाला १४.९ माणसं मरायची. २०२३ मध्ये हा आकडा ६.४ झाला. हजारामागे १८.४ जन्म आणि ६.४ मृत्यू, म्हणजे दर हजारी १२ माणसांची भर. १९७१ मध्ये ही भर २२ होती.

वाढीचा वेग मंदावल्याचं जनगणनेतही दिसतं. १९६१ ते १९७१ या दशकात लोकसंख्या २४.८ टक्क्यांनी वाढली होती, २००१ ते २०११ मध्ये १७.६ टक्क्यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला भारताची लोकसंख्या १७० कोटींच्या आसपास शिखर गाठेल आणि मग घटू लागेल.

सगळीकडे सारखंच चित्र आहे का?

नाही. आणि वादाचं मूळही इथेच आहे.

२०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात फक्त पाच राज्यं २.१ च्या वर होती. बिहार ३.०, मेघालय २.९, उत्तर प्रदेश २.४, झारखंड २.३ आणि मणिपूर २.२. दुसरीकडे सिक्कीम १.१ आणि गोवा १.३ वर होते. महाराष्ट्राचा आकडा १.७ होता. एसआरएसच्या २०२३ च्या आकडेवारीत महाराष्ट्र आणखी खाली, १.४ वर गेलाय. म्हणजे आपल्या राज्यात आई-वडिलांची जागा भरून निघेल इतकीही मुलं आता होत नाहीत.

धर्माच्या नावानं फिरणाऱ्या पोस्टचं काय? १९९२-९३ मध्ये हिंदू महिलांचा प्रजनन दर ३.३ आणि मुस्लीम महिलांचा ४.४ होता. २०१९-२१ मध्ये हे आकडे १.९४ आणि २.३६ झाले. म्हणजे मुस्लीम महिलांचा दर आजही जास्त आहे, पण दोन्ही घटतायत आणि मुस्लीम समाजातली घट जास्त वेगानं झालीय. एका पूर्ण मुलाहून जास्त असलेला फरक अर्ध्या मुलाहून कमी झालाय.

शिवाय राज्य बदललं की चित्र बदलतं. बिहारमधल्या हिंदू महिलांचा प्रजनन दर केरळमधल्या मुस्लीम महिलांपेक्षा जास्त आहे. धर्म एकच घटक असता, तर असं झालं नसतं.

मोठा फरक पडतो तो शिक्षणानं आणि परिस्थितीनं. याच सर्वेक्षणात शाळेची पायरीही न चढलेल्या महिलांचा प्रजनन दर २.८ आहे, बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्यांचा १.८. सर्वांत गरीब गटात तो २.६, सर्वांत श्रीमंत गटात १.६.

आणखी एक आकडा यात महत्त्वाचा आहे, बालमृत्यूचा. १९७१ मध्ये जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस बघायची नाहीत. २०२३ मध्ये ही संख्या २५ वर आली. जन्मलेलं मूल जगेल याची खात्री वाटू लागली की 'दोन हाताशी असावीत म्हणून चार होऊ द्या' हा जुना हिशेब आपोआप सुटतो.

सक्ती करून बघितली, पुढे काय झालं?

कायदा करा म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास बघायला हवा. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

संततिनियमनाचा विषय कुजबुजतही बोलला जात नव्हता, तेव्हा १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत त्यासाठीचं केंद्र सुरू केलं. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजमधली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली आणि कोर्टात खटलेही लढावे लागले. कर्व्यांचा भर होता माहितीवर आणि बाईच्या स्वतःच्या निर्णयावर.

१९५२ मध्ये भारतानं राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम राबवणारा भारत हा जगातला पहिला देश मानला जातो.

मग आली आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. कर्मचाऱ्यांना उद्दिष्टं दिली गेली आणि अनेक ठिकाणी माणसांना जबरदस्तीनं नेण्यात आलं. याच काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात आलं नाही.

१९७७ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचं सरकार गेलं. त्यामागच्या कारणांमध्ये नसबंदीचा राग ठळकपणे सांगितला जातो. नव्या सरकारच्या काळात 'कुटुंब नियोजन' हे नावसुद्धा बदलून 'कुटुंब कल्याण' करण्यात आलं. आणि सगळा भार बायकांवर गेला. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के जोडप्यांमध्ये बाईनं शस्त्रक्रिया केलीय, पुरुषानं केलेली जोडपी फक्त ०.३ टक्के. खरं तर पुरुषांची शस्त्रक्रिया जास्त सोपी आणि कमी जोखमीची असते.

दोन अपत्यांचा नियम आजही आहे का?

आहे, आणि महाराष्ट्रात तो चांगलाच लागू आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. निवडून आल्यावर तिसरं मूल झालं तर पद जातं. राज्य सरकारी नोकरीसाठीही छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथली तारीख आहे २८ मार्च २००६.

हरियाणातल्या अशाच नियमाला आव्हान दिलं गेलं, तेव्हा २००३ मध्ये 'जावेद विरुद्ध हरियाणा राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नियम वैध ठरवला. नियम कायदेशीर आहे, हा प्रश्न तिथे मिटला. त्याचा फटका कुणाला बसतो, हा प्रश्न उरला.

मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या पाच राज्यांत याचा अभ्यास केला. पद वाचवण्यासाठी पत्नीला सोडून देणं, मूल दुसऱ्याला दत्तक दिल्याचं दाखवणं, मूल आपलं नाहीच असं म्हणणं आणि मुलगी असेल तर गर्भपात, असे प्रकार त्यात समोर आले. मुलगा हवाच असा हट्ट आणि मुलं मात्र दोनच, अशी कोंडी झाली की त्याची किंमत बाई आणि मुलगी मोजते.

पुढे हरियाणा, हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांनी पंचायतींसाठीचा हा नियम मागे घेतला. आंध्र प्रदेशनं नोव्हेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला, तेही लोकसंख्या घटण्याच्या भीतीनं.

केंद्राची भूमिका काय? देशभर दोन मुलांचा कायदा करावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं प्रतिज्ञापत्रात कुटुंब नियोजनात सक्तीला आपला विरोध असल्याचं सांगितलं.

मग 'जास्त मुलं होऊ द्या' म्हणणारे बरोबर आहेत का?

त्यांच्या काळजीची दोन कारणं खरी आहेत.

पहिलं कारण म्हातारपण. २०२२ मध्ये देशात ६० वर्षांवरची माणसं १४.९ कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के. २०५० पर्यंत हा वाटा २०.८ टक्के होईल, असा अंदाज आहे. तेव्हा दर पाच माणसांत एक ज्येष्ठ नागरिक असेल. आपल्याकडे बहुतेकांना पेन्शन नाही, म्हातारपणाची काठी म्हणजे मुलंच. दक्षिणेतली राज्यं आणि महाराष्ट्र या वळणावर आधी पोचतील.

दुसरं कारण सत्तेचं. लोकसभेच्या जागा राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात, पण सध्याचं वाटप १९७१ च्या जनगणनेवर आधारलेलं आहे. कुटुंब नियोजन नीट करणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये म्हणून १९७६ मध्ये ४२व्या घटनादुरुस्तीनं ते गोठवलं गेलं. ८४व्या घटनादुरुस्तीनं ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. रखडलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ ठरलीय.

म्हणून दक्षिणेत अस्वस्थता आहे. 'केंद्रानं सांगितलं ते आम्ही ऐकलं, आता त्याचीच शिक्षा म्हणून संसदेत आमचा आवाज कमी होणार का?' हा त्यांचा प्रश्न आहे. नायडू आणि स्टॅलिन यांची विधानं या पार्श्वभूमीवर वाचायला हवीत.

पण मुलं वाढवा म्हणून मुलं वाढतात का? चीननं १९८० पासून २०१५ पर्यंत एक मूल धोरण राबवलं, २०१६ मध्ये दोन मुलांना आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली. तरी २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली. दक्षिण कोरियानं अनुदानं आणि सवलतींवर प्रचंड खर्च केला. तिथला प्रजनन दर २०२३ मध्ये ०.७२ होता, २०२४ मध्ये जेमतेम ०.७५ झाला.

लांब कशाला जायचं? मुंबईतल्या पारशी समाजाकडे बघा. २००१ मध्ये देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४ उरले. जन्म वाढावेत म्हणून केंद्र सरकारनं २०१३ मध्ये 'जियो पारसी' योजना आणली. उपचारांना पैसे देता येतात, पण उशिरा होणारी किंवा न होणारी लग्नं, घरांच्या किमती आणि करिअर ही गणितं एका योजनेनं बदलत नाहीत.

या सगळ्यात बायकांना काय हवंय?

लाल किल्ल्यापासून लग्नमंडपापर्यंत बोलणारे बहुतेक पुरुष. मूल वाढवायचं ते बाईनं. तिला विचारलं तर ती काय सांगते?

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात याचं उत्तर आहे. भारतीय महिलांचा प्रत्यक्ष प्रजनन दर २.० आहे. पण महिलांना हवी होती तेवढीच मुलं झाली असती, तर तो १.६ असता. म्हणजे सरासरीनं बघितलं तर बायकांना आहेत त्यापेक्षा कमी मुलं हवी होती. ९.४ टक्के विवाहित महिलांना मूल नकोय किंवा इतक्यात नकोय, तरी त्या गर्भनिरोधनाचं कोणतंही साधन वापरत नाहीत. २० ते २४ वयाच्या २३.३ टक्के मुलींची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधी झालेली आहेत.

बिहारचा प्रजनन दर खाली आणायचा असेल, तर उपाय या आकड्यांतच आहे. मुलीची शाळा सुटू न देणं, लग्न लवकर न लावणं, गोळ्या, कॉपर टी आणि डॉक्टर गावात मिळणं. तमिळनाडू आणि केरळनं दोन मुलांचा कायदा न करता हेच केलं.

आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात ज्यांना दुसरं मूल हवंय पण परवडत नाही, त्यांच्यासाठी प्रश्न पाळणाघराचा, बाळंतपणाच्या रजेचा, शाळेच्या फीचा आणि घरकामात नवऱ्याच्या वाट्याचा आहे. भाषणातल्या आवाहनानं यातला एकही सुटत नाही.

पुढच्या वेळी असा मेसेज आला तर?

तीन गोष्टी तपासा. आकडा लोकसंख्येचा आहे, जन्मदराचा की प्रजनन दराचा? आकडा कोणत्या वर्षाचा आहे, कारण तीस वर्षांपूर्वीचा आकडा आजचा म्हणून खपवणं सोपं असतं. आणि तो कोणत्या राज्याचा आहे, कारण बिहारचं चित्र महाराष्ट्राला लागू होत नाही.

थोडक्यात सांगायचं तर भारताची लोकसंख्या अजून काही दशकं वाढेल, जन्मदर घटत राहील आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील. गर्दी आहे म्हणून सक्ती करा म्हणणारे आणि समाज संपेल म्हणून मुलं वाढवा म्हणणारे, दोघांचीही मागणी शेवटी एकाच दारात जाऊन थांबते. आपल्याला किती मुलं हवीत, हे आधीच ठरवलेल्या बाईच्या दारात.